कोपऱ्यातला ईश्वरप्पा

निलंगा,
ता. ९ एप्रिल १९८३

चि. गुरुलिंग यास,
शिवगंगाअक्काचे पुण्याच्या पलटणीपर्यंत पुरतील एवढे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. ठीक म्हणजे विहिरीने तळ दाखवलाय आणि टँकर आमच्या गल्लीला वळसा घालून जातो. जिल्हा नवा झाला, साहेब लातूरला बसले, पाऊस काही आला नाही. तुझे दाजी म्हणतात, कचेरी जवळ आली म्हणून ढगही येतील असं कुणी सांगितलं होतं?

पुढच्या महिन्यात मेक्सिकोहून येणाऱ्या बॉक्सिंगच्या चॅंपियनशी तुझी गाठ आहे, हे मी घरोघरी सांगून आले. तुझं वेड तिथूनच सुरू झालं ना? भज्यांच्या पुड्याच्या कागदावर एका मेक्सिकोवाल्याचा फोटो आला होता. खाटीकखान्यात राबणारा पोरगा जगज्जेता झाला, आणि लढायला उतरताना गळ्यातला ताईत रिंगच्या कोपऱ्यातल्या सोबत्याकडे देतो, असं खाली लिहिलेलं. मग तूही गळ्यातलं इष्टलिंग काढून तुझ्या कोपऱ्यात बसणाऱ्या दोस्ताकडे, ईश्वरप्पाकडे देऊ लागलास. लिंग अंगावेगळं करू नये म्हणून आईने किती बजावलं. तू हसून म्हणालास, "त्याच्या गळ्यात काय नि माझ्या गळ्यात काय, एकच की." तो बिचारा दोन लिंगं गळ्यात घालून, टॉवेल नि बादली धरून बसायचा.

तू लिहितोस, हल्ली मार लागतच नाही. ठोसा बसतो, आवाज येतो, दुखत नाही, म्हणून जिंकतोय. ते मी तीनदा वाचलं.

मागच्या पावसाळ्यात ईश्वरप्पा तुझ्या लढतीहून ताप घेऊन आला आणि गेला. जंगमस्वामींनी आपल्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली, डाव्या हातात लिंग ठेवलं. गळ्यात दोन होती. घाईत एक हातात गेलं, दुसरं तुझं म्हणून तुला पाठवलं. दिवाळीला तू आंघोळ करून आलास तेव्हा तुझ्या लिंगाची चांदीची डबी गुळगुळीत दिसली. तुझी तर तू लहानपणी चावून चेपवलेली. वाटलं, नवी केली असेल.

मग परवा त्याची बायको जगदेवी आली. म्हणाली, "अक्का, समाधी दबून राहिली बगा. उंदीर न्हाई, कुत्रं न्हाई. कुणी बुक्क्या मारल्यावानी खड्डे हायत. आन् गुरुलिंगची लढत झाली की नवे पडतेत."

मी जाऊन पाहिलं. सगळं रान भेगाळलेलं, तेवढीच माती ओली. तिंबलेल्या कणकेसारखी.

काल स्वामींना सांगून समाधी उघडली, दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत. दाजी म्हणाले, हे लिहू नकोस. पण तुला कळायला हवं. ईश्वरप्पा बसलेलाच होता. इतके महिने झाले तरी अंग तसंच. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, आणि रक्त ओलं होतं, गुरुलिंगा. मूठ कुणालाच सुटेना. शेवटी जगदेवी वाकली. "सोडा हो आता. लई सोसलंत त्याच्यापायी." तेव्हा बोटं सैल झाली. आत तुझी चेपलेली डबी होती.

मला रडू आलं. भीतीने, आणि त्याच्या मायेनेही.

त्याचा भाऊ सिद्रामप्पा हे पत्र आणि तुझं लिंग घेऊन येतोय. तुझ्या गळ्यातलं ईश्वरप्पाचं आहे, ते त्याच्याजवळ दे. इकडे ईश्वरप्पाचा हात अजून रिकामा आहे, आम्ही नुसतं बेलपान ठेवून माती लोटली. तुझं तू गळ्यात घाल आणि पुन्हा कुणाकडे देऊ नकोस.

मेक्सिकोवाल्याशी लढायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी नको म्हणणार नाही. पण कालपासून तुझ्या कोपऱ्यात कुणी नाही. आता तुला लागेल, बाळा. तोंडापुढचे हात खाली येऊ देऊ नकोस.

तुझी,
शिवगंगाअक्का