कूलरातली रोपं

माय, तुला लिहायचं म्हणून कितीदा बसलो आणि उठलो. कधी पेन नव्हता, कधी गाडी निघायची घाई होती, कधी नुसताच कंटाळा. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही हातूनच झालं नव्हतं. या गावाहून त्या गावाला गेलो, एवढंच किती वेळा सांगायचं? पण परवा मी अशी जागा पाहिली की आत पाय ठेवल्या ठेवल्या वाटलं, माय इथं असायला पाहिजे होती. शाळेत जमलं तेवढ्या मराठीत लिहितो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘पोट्टं पाहा कसं पुस्तकावानी बोलून राहिलं!’

झालं असं, की आपल्या विहारासमोरच्या मोकळ्या जागेत यंदा बगीचा करायचं बायांनी ठरवलं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी तो फुललेला पाहिजे. म्हणजे वसंत आपल्याकडे जेमतेम डोकावतो न डोकावतो तोच ऊन पेटतं, त्या उन्हात. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘माहा पोट्टा करते बगीचा.’ सगळ्या हसल्या. मी गावात टिकत नाही, हे अख्ख्या वलगावला ठाऊक आहे. मी ज्याच्या गाडीवर क्लीनर आहे त्या अकोल्याच्या उस्तादाचा ट्रक आला की खुंटीवरचा थैला खांद्यावर टाकायचा आणि निघायचं. थैला भरलेलाच असतो. शेजारची काकू तर तोंडावर बोलली, ‘हा झाडं लावीन अन् चैत लागाच्या आधी गाडीवर बसून जाईन. मंग पानी कोन टाकीन, मी?’ मावशी म्हणाली, ‘नाई राहिला तर मी विहारात तोंड नाई दाखवणार.’ तू गेल्यावर मला वाढवलेली बाई. तिनं माझ्यावर आपला शब्द पणाला लावला आणि मला विचारलंही नाही.

तर परवा आम्ही दोघं एसटीनं अकोल्याच्या अलीकडच्या नर्सरीत गेलो. माय, तू पिशव्या भरायला जायचीस ती लिंबाखालची नर्सरी डोळ्यांपुढून काढून टाक. ही सगळी प्लास्टिकच्या छताखाली, शेतातून चालताना दुरून पांढऱ्या ढगासारखी दिसते, जमिनीवर बसलेल्या. दाराशी मावशीनं सवयीनं चपला काढल्या, विहारात जाताना काढते तशा. मीही काढल्या. आतली मुलगी धावत आली. ‘मावशी, चपला घाला! घालूनच या ट्रेमधल्या पाण्यात पाय बुडवा. बाहेरचा रोग आत येते ना झाडाईले.’ मावशीनं तो जांभळ्या पाण्याचा ट्रे पाहिला आणि माझ्या कानाशी म्हणाली, ‘चपला घालून पाय धुवाचे! लय शिकले बाप्पा लोक.’

आणि मग आत. काय सांगू तुला. उजेड दुधासारखा, कुठूनही येणारा, कुणाचीच सावली पडत नव्हती. या टोकाला उभं राहिलं तर ते टोक धूसर दिसत होतं, आणि मधे नुसती रोपं, ट्रेमागून ट्रे, लाल, पिवळी, गुलाबी, हिरव्याचे तर इतके प्रकार की त्यांना आपल्याकडे शब्दच नाहीत. बाहेर ऊन टाळूत शिरत होतं आणि इथं अंगावर गार वारा. एका बाजूची अख्खी भिंत म्हणजे कूलरची ओली ताटी, वरून पाणी झिरपतंय, आणि समोरच्या भिंतीत माणसाएवढे पंखे. मावशी त्या भिंतीपुढे हात जोडल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, ‘झाडाईले कूलर! अन् आपल्या कूलरची ताटी उंदरानं खाल्ली तं पोट्टा बदलून नाई देत.’

मी तुझ्यासारखं रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं. माती नव्हतीच! नारळाच्या सालीचा भुसा, ओला, हलका. बोट काढलं तरी नखात काही राहिलं नाही. तुझी नखं आठवली. तू लिंबाखाली बायांच्या रांगेत बसली आहेस, पुढे काळी माती, रेती, शेणखताचा ढीग. पिशवी भरायची, बूड जमिनीवर आपटायचं, पुन्हा भरायची. मी बाजूला एक पिशवी घेऊन बसलो आहे. बांधावरून कुणाच्या तरी बकऱ्या जातात आणि मी उठतो. तू मान वर न करता म्हणतेस, ‘अर्धी भरून नको उठू रे. वरतून पिशवी वाकते, रोप दबून जाते आत.’ मी तरी गेलोच असणार. बकऱ्या फार देखण्या होत्या.

मला पेटुनियाचा एक जांभळा ट्रे सोडवेना. मुलगी म्हणाली, ‘हे नका नेऊ दादा, पंधरवड्यात करपते. सदाफुली न्या, चिनी गुलाब, बटनफूल, झिनिया.’ मग तिनं एक रोप उचलून दाखवलं. ‘पन हे सगळे कूलरातले हायेत. नेल्याबरोबर उन्हात लावान तं मरतीन. आधी सावलीत ठेवा, रोज थोडं थोडं ऊन दाखवा, पुन्हा सावलीत घ्या. लावल्यावरही उन्हाळाभर मानूस जवळ लागते. कोन हाये तुमच्याकडे?’

मावशी ओल्या भिंतीकडे पाहत राहिली.

‘मी हाये,’ मी म्हणालो. इतक्या पंख्यांच्या आवाजातही मला ते स्वतःलाच मोठ्यानं ऐकू आलं.

‘ऐकलं ना बाई?’ मावशी तिला म्हणाली. ‘तू साक्षी हायेस बरं.’

रोपं भरून न्यायला दुसरं काही नव्हतं. मी सवयीनं थैला खांद्याला लावूनच गेलो होतो. त्यातले कपडे काढून मावशीनं उन्हासाठी आणलेल्या शालीत बांधले आणि थैल्यात रोपं उभी केली. एसटीत कंडक्टर म्हणाला, ‘बगीचा मांडीवर घ्या.’ घरापर्यंत थैल्यातून गढूळ पाणी गळत होतं.

आता ती विहाराच्या कोपऱ्यावर, तुझ्या करंजाखाली आहेत. नर्सरीनं वाकडा म्हणून टाकून दिलेला, तू पदराखाली आणलेला तो करंज. तू गेलीस तेव्हा माझ्या कमरेला लागत होता. आज त्याच्याखाली सगळी रोपं मावून शिवाय काकूची खाट मावते, आणि काकू खाटेवरून माझ्यावर लक्ष ठेवते. काल मी त्यांच्यासाठी मातीच्या पिशव्या भरल्या. मधेच रस्त्यानं बँडवाल्यांची गाडी गेली, मी उठलो, पार नाक्यापर्यंत गेलो. पण परत आलो, माय. अर्धी राहिलेली पिशवी भरली, बूड आपटलं.

विहारात बसून हे लिहिता लिहिता बाहेर हॉर्न वाजला. मला वाटलं रस्त्यावरचा असेल. पण गावात कधीही न शिरणारा उस्ताद आज ट्रक घेऊन थेट करंजापर्यंत आला आहे. ‘कहाँ है अपना हीरो? माल तय्यार है, चलो!’ रोपांना पाणी टाकणाऱ्या मावशीच्या मगाचा आवाज थांबला. ‘आत हाये,’ ती म्हणाली. ‘तुमीच विचारा त्याले.’

जातो बाहेर. थैला धुतला आहे, अजून ओला आहे, असं सांगणार आहे त्याला. दुसरं काही सुचत नाही. पण तुला कशाला खोटं सांगू, माय? थैला सकाळीच वाळला.