केरिनच्या सहीआधी द्यायची काळी वही

मी, ग्लेनिस पास्को, वय ७३, राहणार मेफिल्ड, न्यूकॅसल, टॉलिस काँक्रीटच्या प्रयोगशाळेची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. फुप्फुसांबद्दल त्यांचे मत वेगळे आहे. ते जूनपर्यंतची मुदत देतात. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती, हे शांतपणे रागावून लिहिते आहे.

१. राहते घर, मागचे लिंबाचे झाड आणि कुत्री मॉप्सी माझी एकुलती एक मुलगी केरिन हिला.

२. कॅरॅव्हॅन माझा भाऊ ट्रेव्हर याला. अकरा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडीही त्याचीच समजावी, म्हणजे परत करण्याची त्याची काळजी मिटेल.

३. ‘पृथ्वीची मैत्रीण’ असे कोरलेले काचेचे पान, जे मला कंपनीच्या समारंभात मिळाले, ते मालक ब्रेट टॉलिस यांना परत. कारण पुढच्या कलमात आहे.

४. माझी काळी वही. सिमेंट भाजताना ढीगभर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू एखाद्या कारखान्याच्या धुराड्यात पकडायचा आणि काँक्रीट कालवताना त्यात सोडायचा, की तिथेच त्याचा दगड होतो. कल्पना वाईट नाही. आमच्याकडे मात्र तो सातशे किलोमीटरवरून डिझेलच्या टँकरने येई. टँकरवर हिरवे पान रंगवलेले होते, म्हणून त्याचा धूर कोणी मोजला नाही.

अठ्ठावीस दिवसांनी काँक्रीटचे नमुने दाबून फोडणे हे माझे काम. आमच्या मिश्रणात वायू सोडला की ते कमी दाबालाच फुटू लागले. मग मिश्रण करणारा झोरान पेटकोव्स्की दर घनमीटरला वीस किलो सिमेंट जादा टाकू लागला. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात: नमुना कच्चा निघाला की सिमेंट वाढवायचे आणि जेवायला जायचे. म्हणजे वायू कोंडला किलोभर, आणि त्यापायी पंधरा किलो नवा सोडला. हे ब्रेटना सांगितले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, बिस्किटे दिली आणि समजावले, "ग्लेनिस, अगं, फॉर्मवर कोंडलेल्या वायूचा रकाना आहे. जादा सिमेंटचा रकानाच नाही, तर तू लिहिणार कुठे?"

मी जादा सिमेंट वहीत लिहिले आणि वायू कोंडल्याच्या प्रमाणपत्रावर सही केली. सहा वर्षे हेच केले. मला याची लाज वाटते.

आता समुद्र चढतो आहे म्हणून किनाऱ्यावर भिंत बांधायची आहे, तीही याच काँक्रीटची. तिला मंजुरी देणारी अभियंता केरिन आहे. गेल्या रविवारी बार्बेक्यूला मी तिला म्हटले, नीट तपासून घे. सॉसेज उलटत ती म्हणाली, "आई, प्रमाणपत्रावर तुझी सही आहे. तुझ्यापुढे मी काय तपासणार?" तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हा कागद. तिची सही वीस मेला आहे. तेव्हा ही वही मी मेल्यावर नव्हे, या मृत्युपत्राची शाई वाळताच तिला द्यावी.

५. माझे दहन करावे. त्या धुरातला वायू ब्रेटनी पकडलाच, तर त्याचे प्रमाणपत्र माझ्या नावे काढू नये.

६. ओले काँक्रीट किती खाली बसते हे तपासायचा माझा पोलादी शंकू झोरानला द्यायचा होता. त्याचा त्यावर फार दिवस डोळा आहे. आज सकाळी तो आला, तेव्हा वही त्याच्यापुढे ठेवली. जादा सिमेंट खरोखर पडले हे सांगू शकेल असा तो एकटाच आहे, आणि तो अजून ब्रेटकडे कामाला आहे. मी सांगितले, साक्षीदाराला वारसा घेता येत नाही. शंकू घे, नाहीतर सही कर.

"सही केली तर नोकरी जाईल ना?" त्याने विचारले.

"जाईल."

त्याने शंकू उचलला, बाहीने पुसला आणि टेबलावर परत ठेवला. "केरिनला दे," तो म्हणाला, "भिंतीच्या कामावर लागेल तिला."

म्हणून शंकू केरिनला.

स्थळ: मेफिल्ड. दिनांक: १० मे २०२५.

सही: ग्लेनिस पास्को

साक्षीदार: मर्ल डनस्टन, शेजारीण. चहाला आले होते. ग्लेनिस आणि झोरान, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: झोरान पेटकोव्स्की. दर घनमीटरला वीस किलो, सहा वर्षं, मीच टाकत होतो. शाई वाळली आहे. वही घेऊन मीच केरिनकडे जातो.