पावणेसात इंचांचा फोन आणि भाऊजींचं घड्याळ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार (कागदावरचाच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल). तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यासारखेच आहेत, एकाच घरातले शेवटी. अक्षर जरा मोठं आलंय, पानावर जेमतेम आठ ओळी बसताहेत. मोठ्या पडद्याच्या फोनची सवय लागली की असं होतं म्हणे. काळजी करू नकोस.

भाऊजींचं घड्याळ कधी देणार, हे तू तीनदा विचारलंस. ते गेल्यापासून उशीजवळ त्या घड्याळाची टिकटिक असल्याशिवाय तुला झोप लागत नाही, आणि घड्याळ बंद पडल्यापासून तू नुसती पडून असतेस, हे मी विसरलेलो नाही. घड्याळाचंच सांगायला बसलोय, पण त्यासाठी आधी फोनचं रडगाणं ऐकावं लागेल.

जन्मभर घड्याळांची बारीक कामं केली, म्हटलं म्हातारपणी एक तरी वस्तू मोठी घ्यावी. "काका, या किमतीत एवढा मोठा पडदा दुसरीकडे मिळाला तर मला सांगा," दुकानातल्या बाई म्हणाल्या. खरं होतं ते. पडदा मोठा देताना बाकीचं काय काय काढून घेतलंय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शर्टाच्या खिशात तो निम्मा बाहेर राहतो, आणि मी वाकलो की उरलेला निम्माही बाहेर येतो. उन्हात पडद्याचा आरसा होतो. किती वाजले बघायला जावं तर स्वतःचंच तोंड दिसतं, तेही पावणेसात इंच. बोट टेकवलं की उघडतो म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षं कानस चालवून माझ्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत, त्यामुळे माझा फोन मला रोज परका समजतो. पाठीला चार डोळे आहेत, त्यांतले दोन नुसते शोभेचे. (शोभेच्या डोळ्यांना मी हसणार नाही. का, ते पुढे येईल.) बॅटरी मात्र दोन-दोन दिवस संपत नाही, खोटं कशाला बोलू? पण मला दोन दिवसांत फोन येतो तो तुझा एक, बिचारी संपणार तरी कशाने!

आता घड्याळ. हल्ली भिंगातून सगळं धुरकट दिसायला लागलं होतं (भिंग जुनं झालं असणार, असं मी ठरवून टाकलं). मग डोकं चालवलं. दोन डब्यांवर फोन आडवा ठेवला, खाली भाऊजींचं घड्याळ उघडून ठेवलं आणि पडद्यावर बघत काम सुरू केलं. केसाएवढी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, चांगली दोरखंडाएवढी दिसली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण हा फोन सावकाश स्वभावाचा आहे. मी चिमटा उजवीकडे न्यावा, तर पडद्यावरचा चिमटा आधी विचार करणार आणि मग निघणार. तोवर माझा पुढे गेलेला. तरी हळूहळू जमत आलं होतं, इतक्यात चिमट्याच्या जागी तुझं तोंड आलं. "झालं का रे घड्याळ?" हे विचारायला तू केलेला तो फोन, ताई. थरथरत तो डब्यांवरून घसरला आणि घड्याळाच्या उघड्या पोटावर पडला. त्याच्या अंगावर ओरखडाही नाही. स्वस्त आहे पण दणकट आहे, हा गुण लिहून ठेवायला हवा. "काम चालू आहे" असं मी तुला म्हणालो, ते खोटं नव्हतं. मी टेबलाखाली रांगत होतो. फोनच्या उजेडात एक शर्टाचं बटण सापडलं, आणि फार वर्षांपूर्वी हरवलेला एक स्क्रू सापडला, दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाचा. भाऊजींच्या घड्याळाचा नाही सापडला.

पण जीव टांगणीला लावत नाही. घड्याळ चालू झालंय. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईने चांदणी कोरायची माझी रीत तुला माहीत आहे. भाऊजींच्या झाकणात सहा होत्या, आता सातवी आहे. (माझ्या दुकानासमोरचा घड्याळजी फुली मारतो. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात त्याने माझ्या चांदणीवरच फुली मारली होती, तेव्हापासून तीस वर्षं आम्ही बोलत नाही. तुला हे शंभरदा सांगून झालंय, ही एकशे एकावी वेळ.) येत्या आठवड्यात पाठवून देतो.

तुझा
भाऊ

ता.क. सातवी चांदणी माझी नाही. कमान पार वाकली होती, मला ती दिसतसुद्धा नव्हती. भर दुपारी, रस्त्यात कुणी नाही असं बघून, मी समोरच्याकडे गेलो. त्याने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "किती दिवस झाले?" म्हणाला. मी म्हटलं, बंद पडून तीन महिने झाले. "घड्याळाचं नाही विचारत. डोळ्यांचं." त्याने मला स्टुलावर बसवलं आणि आपल्याकडच्या जुन्या घड्याळातले भाग काढून घातले. आज झाकणाचा फोटो काढून दोन बोटांनी ताणला, म्हटलं बघू, किती मोठी फुली मारलीय. पडदा मोठा असल्यामुळे दिसलं. सहा चांदण्या, आणि त्यांच्या शेजारी सातवी, जरा वाकडी. त्याला सवय नाही ना.

ता.क. अक्षर मोठं का आलं ते तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील. डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं जपा. दुकानाच्या किल्ल्या मी समोरच्याला देऊन टाकतोय. घड्याळ पाठवत नाही, घेऊन येतो. किती दिवस राहणार ते विचारू नकोस. रोज सकाळी किल्ली द्यायला तरी घड्याळाला माणूस लागतोच, आणि ते काम बोटांनी होतं.

ता.क. ये म्हणायचं असेल तर फोन कर. कुणाचा आहे ते मला वाचता येणार नाही, एवढ्या मोठ्या पडद्यावरही. पण उचलीन. दुसऱ्या कुणाचा येतच नाही.