खोळ पडलेला मारुती

फाल्गुन व. ११, शके १८३४. बीड.
आज पुन्हा कंकालेश्वराच्या देवळात. ड्रॉइंगच्या मास्तरसाबांनी (यापुढं नुसतं मा.) भिंतीवरच्या एका दगडी बाईपुढं बसवलं नि निघून गेले. परत आल्यावर, "क्या देखे?" मी ऐटीत, "देवी आहे." म्हणाले, "नाम नको बोलो मियाँ. नाम तो अंधा भी बोलता. दिखता सो बोलो." असा चिडलो! मग बघितलं तर बाईचा गुडघा वाकलेला, टाच उचललेली. बाई चालायला निघालीय की! इतका वेळ मी तिला उभीच समजत होतो. मा. हसले. लई बरं वाटलं. वर्गात एवढं कुणाला दिसलं नसेल.

फाल्गुन व. ३०.
आबांनी गाडी धाडली, सोबत चिठ्ठी. पाडव्याला गावी ये. आणि चित्रांचा नाद आता पुरे, तहसील कचेरीत कारकुनाची जागा आहे, तिथलं उर्दू काय रेघोट्या मारायला शिकवलं? वर आणखी गड्याच्या तोंडी निरोप, "पाटलाचं पोर चितारी झालं म्हनून लोक हसत्यात." हसू देत.

चैत्र शु. १. पाडवा. गावी.
आबांशी बोलायचं ठरवून आलो होतो. पुरणपोळी खाऊन गप्प बसलो, भित्रा लेकाचा. तेच म्हणाले, "बगून बगून काय मिळतं रे? आमी काय आंधळे हाव?" हनुमान जयंती झाली की कचेरीत नेऊन उभं करणार. म्हणजे पौर्णिमेपर्यंतच काय ते.

चैत्र शु. ९.
गावात आकांत. वेशीतल्या मारुतीची शेंदराची खोळ पडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, वीतभर जाड. धोंडू गुरव तेल घालायला गेला नि सगळी खोळ त्याच्या पायाशी. आईनं देव पाण्यात घातले. आबा म्हणाले, "जयंतीच्या आत नवा लेप द्या, झालं."
आत काय निघालं ते कुणी बघितलंच नाही. सगळे हात जोडून, डोळे मिटून! मी उघडे ठेवले. शेपूट नाही. गदा नाही. एकावर एक तीन चौकटी.

चैत्र शु. १०.
सकाळपासून कागद घेऊन दगडापुढं. खाली ढाल-तलवारवाला, पायाशी धोंडे. मधे तोच, दोन्हीकडं दोन बाया. वर तोच पिंडीपुढं बसलेला. वीरगळ! लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. बीडला बिंदुसरा नदीकाठी मा.नी असाच एक दाखवला होता.
जेवताना सांगून टाकलं. "आबा, तो मारुती न्हाई. वीर हाय. अन् त्या त्याच्या बायका." आबांचा घास हातातच राहिला. "पिढ्यान्‌पिढ्या पहिला मान आपला, अन् तू म्हनतो देवच न्हाई? कावून शिकवलं रे तुला?" ताटावरून उठले. आई माझ्याकडं बघेना.

चैत्र शु. ११.
बायांचे पाय काढत होतो. खाली जमिनीची रेघ ओढायला गेलो, तर जमीनच नाही! पाय मागं दुमडलेले, तिघंही अधांतरी. बायका कसल्या, अप्सरा त्या. मेलेल्याला वर नेतायत. म्हणजे मी नाव आधी ठेवलं नि बघितलं मागून. शाब्बास रे गाढवा!
पण चूक माझी मीच पकडली, मा. जवळ नसताना. याचा जो तोरा चढलाय तो इथं नाही लिहायचा तर कुठं?
खालच्या चौकटीतले धोंडेही धोंडे नव्हेत. त्यांना शिंगं आहेत.

चैत्र शु. १३.
आज मीच आबांना म्हणालो, एकदा दगडापाशी चला, मग कचेरीत न्या नाहीतर विहिरीत ढकला. आले. मी नाव एकही घेतलं नाही. नुसतं बोट ठेवायचो.
"हे काय दिसतं?"
"शिंगं."
"अन् हे?"
"गाय. अन् हे वासरू, आचळाला लागलंय."
वासरू? मला दिसलंच नव्हतं! आबा वाकून बघत राहिले. पागोटं दगडाला टेकलं तरी भान नाही.
"गुरं राखताना पडला म्हन की."
"हां."
"आपल्याच गावचा?"
"ते दगडात न्हाई, आबा."
परतताना माझ्या पुढं न चालता बरोबरीनं चालले.

चैत्र शु. १४.
उद्या जयंती. सकाळी गाव जमलं, धोंडूनं शेंदूर कालवून आणला. माझी वरची चौकट अर्धीच. धोंडू म्हणाला, "पाटील, वखत व्हतोय, लावू का?" मी कागद गुंडाळायला घेतला.
आबा म्हणाले, "थांब. माझ्या पोराचं काढून व्हायचंय."
अख्ख्या गावासमोर! कागद पुन्हा उलगडला, नि पिंडीवरची चंद्राची कोर वाकडी आली. ती तशीच ठेवणार आहे.
लेप द्यायचा की नाही, काही बोलले नाहीत. कचेरीचंही नाही. मी दोन घास खायला घरी आलोय. आबा दगडाशेजारी उन्हात बसून आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. आई म्हणते, त्यांची भाकरी तिकडंच ने. निघतो.