काळ्या अस्तराची खोळ

९ ऑक्टोबर

सासूबाई लेकीकडे राहायला जाणार. कायमच्या! सकाळी चहा गाळताना सांगितलं — जशा काही कोपऱ्यावर जाऊन येणार आहेत. "तिकडे एक खोली रिकामीच असते गं." वर खिडकीतलं कुंडीतलं झाडही नेणार म्हणे. म्हणजे परत यायचं नावच नको.

सासू निघाली की सुनांना हायसं वाटतं म्हणतात. मी भाजीत मीठ दोनदा घातलं.

माझ्या मशीनला कंटाळल्या असतील. एकच हॉल — एका भिंतीला आईंची कॉट, खिडकीशी माझं शिवणकाम. दिवसभर खडखड!

११ ऑक्टोबर

झाडाकडे आज नीट पाहिलं. नावाला निवडुंग! काटा औषधालाही नाही. चपटी हिरवी पेरं, एकाला एक जोडलेली, कुंडीबाहेर लोंबणारी. मी नवीन असताना पाणीच घालत नव्हते. आई म्हणाल्या होत्या, "अगं, हे वाळवंटातलं नव्हे, दमट रानातलं. मोठ्या झाडांच्या खांद्यावर वाढतं. याला तहान लागते." माती सुकली की नाही ते त्यांच्या बोटाला कळतं. जुन्या घरी हिवाळ्यात फुलांनी वाकायचं म्हणे. इथे आल्यापासून एक कळी नाही.

त्या जायच्या आत एकदा तरी फुलावं.

१४ ऑक्टोबर

शाळेतल्या बाई मापं द्यायला आल्या. त्यांच्याकडेही हेच झाड. "याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत मिट्ट काळोख लागतो. तुमचा दिवा असा डोक्यावर! कळ्या येतील कशा?"

मी आईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर नवल म्हणून नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. पण दिवा घालवला असता तर तू शिवणार कशी?"

इतकी वर्षं! या बाईच्या पाया पडावं की भांडावं? आधी भांडले. "अहो, नुसतं झाकून ठेवायचं!"

आईंनी कपाळावर हात मारला. मग ज्या हसत सुटल्या — "मेलं सुचलंच नाही!"

१५ ऑक्टोबर

उरलेल्या काळ्या अस्तराची खोळ शिवली. दुहेरी, खाली नाडी. दिवा लावला की झाडाला घालायची, सकाळी काढायची. हे म्हणतात, "माझ्या शर्टाचं बटण कधीचं लोंबतंय, आणि झाडाला झबलं!"

२ नोव्हेंबर

काही नाही. वन्संचा फोन — महिनाअखेरीला गाडी घेऊन येतायत.

१९ नोव्हेंबर

पेरांच्या टोकांना गुलाबी ठिपके!! आईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाचायच्याच बाकी होत्या.

३० नोव्हेंबर

वन्सं आल्या. बॅग दाराशी. त्यांनी कुंडीला हात घातला मात्र, आई ओरडल्या — "ठेव खाली! कळ्या धरल्यावर हलवलं तर सगळ्या गळतात." मग काय, फुलं होऊन जाईपर्यंत आईंचाही मुक्काम. वन्सं चहा पिऊन एकट्याच गेल्या.

जेवताना हे सहज बोलून गेले, "आई तुझ्यासाठीच जातेय. कॉट निघाली की तुझं कापायचं टेबल मावेल."

पुन्हा तेच! तेव्हा दिवा, आता कॉट! हात न धुताच आईंपुढे जाऊन उभी राहिले. "मला टेबल नको. तुम्ही हव्यात." रडूच आलं. त्या खोळीची नाडी बांधत राहिल्या.

१२ डिसेंबर

फुललं! काय तो रंग! पाकळ्या मागे वळलेल्या, एका फुलातून दुसरं निघाल्यासारखं. ऊन पलीकडून आलं की आरपार दिसतं. हेही दाढी अर्धवट टाकून बघायला आले. मी मशीन बंद करून आईंच्या कॉटवर बसले. काम पडलंय. पडू दे.

५ जानेवारी

फुलं ओसरली. वन्सं गाडी घेऊन हजर. आईंनी काल दोन पेरं पिरगळून सुकत ठेवली होती. ती कान तुटलेल्या कपात रोवून लेकीच्या हातात दिली. "हे तुझं. मोठं इथेच राहील."

"आणि तू?"

"मलाही हलवू नकोस."