फ्रिज गोठला, सासूबाई तापल्या

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. गुडघा वळत नाही, म्हणून तो उभ्यानेच केलाय असं समजा. तुमची कंबर कशी आहे? यजमानांचा खोकला गेला का? आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बरं इथे कोणी नाही. फोनच केला असता, पण तुमच्या आई फोनला खेटून खुर्ची टाकून बसल्यात आणि सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच, म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं सगळं आज खर्ची पडतंय.

तर पत्रास कारण तुमचा फ्रिज. नवा घेतलात आणि जुना आम्हाला दिलात, उपकार झाले (जिन्यावरून चढवताना ह्यांची पाठ धरली ती अजून सुटली नाही, तो उपकार वेगळा). पण महिन्यापूर्वी आला त्या दिवसापासून त्याला काय झालंय देव जाणे. काकडी काढली तर काचेसारखी मोडते. अंडी आपापली तडकून बसलेली. टोमॅटो असा की कोणाला मारला तर पोलीस येतील. आतल्या बटणावर एक ते सात आकडे आहेत. ह्यांचं म्हणणं, सात म्हणजे ऊब जास्त. माझं म्हणणं, सात म्हणजे थंडी जास्त. मी एकावर ठेवून भांडी घासायला वळले की हे गुपचूप सातावर नेणार आणि वर मलाच विचारणार, बर्फ का होतोय गं? शेवटी बटण एकावर ठेवून वर चिकटपट्टी मारली. तरी बर्फ. एक दिवस बंद ठेवला, तर स्वयंपाकघरात तळं झालं आणि हे त्यात घसरले (पाठ तीच). शेजारच्या टीचरबाई म्हणाल्या, भिंतीपासून लांब ओढा. ओढला. आता फ्रिजचं दार उघडलं की स्वयंपाकघराचं उघडत नाही. बर्फ आहेच.

इथवर मी सोसलं असतं. पण आईंची साखर वाढली. तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आईंना पाक पाजते. अहो, इन्सुलिनची सुई रोज सकाळी मी स्वतः टोचते, एक दिवस चुकवलेला नाही. मग उरलं काय? चोरून खातात. माझ्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहीत आहे. तोंडावर विचारलं, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात. त्या म्हणाल्या, "सत्तर वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नाही." मी म्हटलं, पहिल्यांदाच सापडलात म्हणून. (हे बोलायला नको होतं.) झालं, बॅग भरली. रविवारी लेकीकडे, म्हणजे तुमच्याकडे जाणार, कायमच्या. चार दिवस माझ्याशी अबोला. काही हवं असेल तर भिंतीला सांगतात आणि मी ते भिंतीकडून ऐकल्यासारखं करते.

मग फ्रिजचा मिस्त्री आला. आत इन्सुलिनची बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, माझ्या बायकोलाही हेच आहे. हे एकदा गोठलं की मेलं, तुम्ही पाणी टोचताय. वन्सं, आई रोज म्हणायच्या हो, आज सुई बर्फासारखी आहे. मी म्हणायचे, नखरे पुरे, आणि बाटली मुठीत वितळवून टोचायचे. म्हणजे त्यांनी चोरी केलीच नव्हती. आता नवी बाटली आणलीय, फ्रिजही मार्गी लागला. माझं तोंड दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र कुठे मिळत नाही. तेव्हा रविवारी येऊन तुम्ही आईंना घेऊन जा. माझी काही हरकत नाही. घर मोकळं होईल.

तुमची भावजय

ता.क. फ्रिजमध्ये खरं तर बिघाड नव्हताच. मिस्त्री बघत स्टुलावर बसला होता. मी दूध उकळलं आणि पातेलं तसंच फडक्यात धरून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवलं, तर ओरडलाच. तिथे म्हणे एक बारीक नळी असते, तिच्यावरून फ्रिजला कळतं आत किती गरम आहे. तिच्या शेजारी रोज उकळतं पातेलं, म्हणून तो जीव तोडून गार करतो आणि बाकीचं सगळं गोठवून ठेवतो. आता दूध निवेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायला मला दुसरी कामं नाहीत का? हे कोणाला सांगू नका.

ता.क. दुसरा. रविवारी येऊ नका. फोन करून आईंना सांगा, घरात रंगकाम काढलंय, जागा नाही. आणि असंही सांगा की फ्रिज दिला तेव्हाच खराब होता, सुनेचा काही दोष नाही. तुम्ही लांब आहात, तुमच्यावर खापर फुटलं तरी लागणार नाही. मला त्यांच्यासमोर चुकले म्हणता येत नाही, आणि त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी? ह्यांना दुसऱ्या वाक्याला झोप लागते.

ता.क. तिसरा. फोन नको. पाकिटाला डिंक शोधायला उठले, तेवढ्यात आईंनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, रोज दोन चमचे साखर मी खातच होते. तुला पकडता आलं नाही, एवढंच." आणि हसत हसत बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले.

आता मी रुसलेय. रविवारी याच, माझी समजूत काढायला.