खिळ्यावरची काठी

किविनॉ, मिशिगन
३ मार्च (पंचांगात. दाराबाहेर अजून जानेवारीच चालू आहे.)

लेम्पीवन्संना आयलीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे अगदी खरा. मंगळवारी मागच्या पायरीवरून घसरून आठही अंगांनी अंगणात पडले, तेव्हा तोंड ॲरिझोनाच्याच दिशेला होतं. तर तो तुम्हाला पोचला असं समजावं.

तुमचा गुडघा कसा आहे? उन्हाने बरं वाटतं असं लिहिलं होतंत. बरोबरच आहे, इथे राहून कुणाचा गुडघा सुधारल्याचं ऐकिवात नाही. नाताळला पाठवलेला फोटो मिळाला. सोफ्यावर तुम्ही बिनबाह्यांच्या झग्यात, हातात संत्र्याचा रस, खिडकीत निवडुंग. फोटो आधी फ्रिजवर लावला होता, मग फ्रिजच्या आत ठेवावासा वाटला (तुम्हालाही जरा कळू दे). मागच्या भिंतीवर काय काय टांगलंय तेही भिंग लावून पाहिलं. छान आहे.

इकडची खुशाली म्हणजे बर्फ. नोव्हेंबरात सुरू झाला तो अजून दम खायला थांबलेला नाही. दोनशे इंच झाला असं रेडिओवाला आनंदाने सांगतो, जसा काही त्यानेच पाडलाय. वन्सं, मी थकले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने पहाटे उठून काय करावं? देवाचं नाव घ्यावं, कॉफी प्यावी. मी पायजम्यावर पायजमा चढवते, त्यावर तुमच्या भावाची जुनी विजार चढवते, आणि एका लोखंडी रेड्याशी झटापट करायला जाते.

तुम्हाला ठाऊकच आहे, बेचाळीस हिवाळे ते स्नोब्लोअर तुमच्या भावाने चालवलं. वाल्फ्रिड बाहेर आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, असा आमचा संसार. मला त्यातलं एवढंच ठाऊक, की यंत्र पुढून बर्फ खातं आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतं. ऑगस्टमध्ये तो गेला. दफनाच्या दिवशी ऊन होतं, तुम्ही होतात, माणसं होती, बर्फाचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. पहिला बर्फ पडला तेव्हा मी सवयीने खिडकीत जाऊन उभी राहिले. कॉफी गार झाली तरी बाहेर कुणी दिसेना. मग मात्र मी खुर्चीत बसले आणि चांगली रडले.

तोवर समोरचा रेयनो कांगस यंत्र घेऊन हजर. रेयनो तुम्हाला आठवत असेल, तुमच्याच वर्गात होता (तेव्हा त्याला दहा बोटं होती). आपल्या गल्लीची रीत तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात पुरुष उरला नाही त्या घराचा बर्फ शेजाऱ्याने काढायचा, कुणी सांगायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, फक्त त्याला आत बोलावून कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव द्यायचा. रीत फार चांगली आहे. पण रेयनो सहाला येतो, सव्वासहाला बर्फ संपतो, आणि नऊपर्यंत पाव संपतो. मधल्या वेळात तो आपली दुखणी सांगतो. बोटांवर मोजून सांगतो, त्यामुळे रोज आठच होतात. दोन बोटं स्नोब्लोअरने नेली याबद्दल मी देवाचे आभार मानू लागले होते, इतकी माझी मती फिरली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण रेयनोने भलेपणाने ग्रीन बे शहरात आमच्या डेलला फोन केला, की बाबा रे, आईची काळजी करू नकोस, तिचा बर्फ मी काढतो. झालं! घ्या! डेल गेल्या ऑगस्टपासून असंच काहीतरी ऐकायला टपलेला. त्याने तिकडे माझ्यासाठी एक फ्लॅट पाहून ठेवलाय. लिफ्ट आहे, गालिचा आहे, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. तो म्हणाला, "आई, म्हणजे तुला झेपत नाही हे तू कबूल करतेस." मी म्हटलं, रेयनोच्या गप्पा झेपत नाहीत हे मी कबूल करते. शेवटी असं ठरलं, की फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तो येणार आणि उभा राहून बघणार. मी एकटीने गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा बर्फ धडपणे काढला तर घर राहील. नाहीतर उन्हाळ्यात घर विकायचं आणि मी गालिच्यावर जाऊन बसायचं.

म्हणून मी रेयनोच्या आधी, पाचला, उठू लागले. गॅरेजातला दिवा लावला आणि भिंतीकडे बघतच राहिले. तिथे तुमचा भाऊ पेन्सिलीने नोंदी ठेवायचा हे मला ठाऊक होतं. दरवर्षीची एक ओळ, तेल बदललं. डेल जन्मला त्या आठवड्याची ओळ आहे, 'तेल बदललं, पट्टा नवा.' (मुलगा झाल्याचा उल्लेख नाही.) पण त्याखाली काळ्या शाईच्या जाड पेनाने नवीन काहीतरी लिहिलेलं होतं, वाकड्यातिकड्या, थरथरत्या अक्षरात. ते जुलैमधलं अक्षर. जुलैमध्ये तो रोज दुपारी काठीकाठीने गॅरेजात जायचा आणि मी समजत होते, चोरून सिगारेट ओढतोय. एकदोनदा ओरडलेही होते. त्या उकाड्यात हा बाबा बर्फाबद्दल लिहीत होता. पहिला शब्द होता 'आयली'.

या माणसाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला काय म्हटलं होतं, ठाऊक आहे? "बरं चाललंय." आणि इथे अख्खी भिंत भरलेली! आधी मोठं दार उघड, मग यंत्र सुरू कर, बंद गॅरेजातला धूर माणूस मारतो. पेट्रोल गार यंत्रात घाल, तापलेल्यात नाही. मागच्या वर्षीचं पेट्रोल ठेवू नकोस, कुजतं. मफलर घालू नकोस, पात्यात जातो. (वन्सं, मी त्याला सहा फुटी मफलर विणून दिला होता. त्याने तो कधी गळ्यात घातला नाही म्हणून मी तीस वर्षं मनात धरून बसले होते. एवढी साधी गोष्ट मेल्याने तोंडाने सांगितली असती तर!) वारा बघ. रेयनोच्या दारात फेकू नकोस, मोह होईल. काही अडकलं तर एक पिन तुटेल, ती तुटायलाच केलेली आहे, तिने तुटून यंत्र वाचवायचं असतं, तिच्या जागी दणकट बोल्ट घालू नकोस. हँडल सोडलं की यंत्र थांबतं, ते कधीही बांधून ठेवू नकोस, रेयनोने ठेवलंय. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: नळकांडं तुंबलं तर बंद कर, किल्ली काढ, थांब. हात घालायचा नाही. बंद असलं तरी नाही. काठीने काढ. काठी खिळ्यावर.

खिळा होता. काठी नव्हती. गॅरेज पालथं घातलं, तळघर पालथं घातलं. गेली असेल कुठेतरी.

पुढच्या सहा आठवड्यांची कहाणी थोडक्यात सांगते, कारण आठवली की खांदा दुखतो. दोरी ओढून ओढून यंत्र सुरू होईना, कारण पेट्रोल मागच्या वर्षीचं. (वाचलं होतं, पण टाकवेना. त्याने भरलेलं होतं.) सुरू झालं त्या दिवशी वारा बघायचा राहिला आणि पाऊण तास मी तोच बर्फ पुन्हा पुन्हा स्वतःच्या तोंडावर फेकत होते. पिना तीन तुटल्या. एक रविवारच्या पेपरामुळे, जो बर्फात गोठून वीट झाला होता. रेयनोला माझ्या धडपडीचा राग आला. "अगं आयली, मी मेलोय का?" असं विचारत तो आपल्या यंत्राबरोबर माझ्याकडे यायला निघाला, आणि हात उडवून भांडायला जरा थांबला. त्याचं यंत्र मात्र थांबलं नाही, कारण हँडल तारेने बांधलेलं. ते एकटंच शांतपणे आमचं अंगण ओलांडून गेलं आणि वाफ घ्यायच्या सौनाच्या खोलीचं दार खाऊन थांबलं. त्या दिवसापासून रेयनो शरमेने कॉफीला येत नाही. एवढा एक फायदा झाला. पण सौना करायला गेलं तर वाफ बाहेर आणि मी आत.

काठीवाचून मात्र फार अडलं. ओला बर्फ असला की नळकांडं दर दहा पावलांनी तुंबतं. लाटणं घातलं, ते शिरेना. पट्टी घातली, ती मोडली. शेवटी सौनातला पाणी मारायचा लाकडी डाव उचलला, नाहीतरी त्याला आता काम नव्हतं.

आणि मग तो शनिवार. आदल्या दिवशी चौदा इंच पडलेला. वर गावाची गाडी रस्ता साफ करून गेली, म्हणजे रस्त्यावरचा सगळा बर्फ तिने आमच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा रचून ठेवला, ओला, ढेकळांचा, सिमेंटसारखा. डेल हातात कॉफी घेऊन पायरीवर उभा, परीक्षकासारखा. समोर रेयनो आपल्या खिडकीत. मी दार उघडलं, सुरू केलं, वारा पाहिला, सगळं भिंतीवरच्यासारखं. वाट छान झाली. त्या ढिगाशी पोचले आणि घुर्र करून नळकांडं तुंबलं. बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, थांबले. डाव उचलून वळले, तेवढ्यात डेल खाली आला. "सरक आई, दोन मिनिटांचं काम आहे." हातमोजा काढून त्याने हात नळकांड्यात घातलासुद्धा.

वन्सं, मी त्याला लहानपणी कधी मारलं नाही. चाळिसाव्या वर्षी मारलं. डावाने, मनगटावर, कचकन. तो कळवळून मागे झाला. "आई! बंद आहे ना ते!" त्याच्या हाताच्या जागी डाव घातला आणि खुपसला. आतला बर्फ सुटला. बंद यंत्राचं, किल्ली माझ्या खिशात असलेल्या यंत्राचं पातं, ताण सुटल्याबरोबर एकदाच गर्रकन फिरलं. टक्क. डावाचा पुढचा अर्धा भाग उडून रस्त्यावर जाऊन पडला. समोर खिडकीत रेयनोने दोन्ही हात वर करून दाखवले. आठ.

डेलने हात खिशात घातला तो जेवणापर्यंत बाहेर काढला नाही. उरलेला ढीग मी काढला. निघताना गाडीत बसून, काच खाली करून, समोर बघत म्हणाला, "राहा तू इथेच. पण धड काठी ठेव." आणि काच वर करता करता, "बरं चाललंय तुझं." बापावर गेलाय.

तर असं आहे. थोरामोठ्यांना नमस्कार सांगण्यासारखं आता आपल्यापेक्षा थोर कुणी उरलं नाही. तेव्हा निवडुंगाला सांगा, तो तरी वयाने मोठा असेल. गुडघा जपा.

तुमची थकलेली,
आयली

ता.क. ती काठी तुमच्या भिंतीवर आहे. सोफ्याच्या मागे, सूर्यास्ताच्या चित्राशेजारी. दफनानंतर सगळ्यांनी एकेक आठवण नेली, तेव्हा तुम्ही गॅरेजातून 'वाल्फ्रिडची लहानपणची हॉकी स्टिक' नेलीत. वन्सं, राग मानू नका, ती त्याच्या लहानपणची नाही. शाळेच्या मैदानामागच्या कचऱ्यातून उचलून, कापून केलेली नळकांड्याची काठी आहे. भिंतीवर लावायला मी त्याचा मासेमारीचा गळ पाठवते, तो खरा लहानपणचा आहे. काठी तेवढी परत पाठवा. डेलची अट आहे.

ता.क. २. हे पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. डेलच्या अटीचा नुसता बहाणा होता. काठ्या माझ्याकडे तीन आहेत. सौनाच्या दाराची भरपाई म्हणून रेयनोने करून दिल्या, चांगल्या आहेत, एकीला तर मूठसुद्धा आहे. पण भिंतीवरची शेवटची ओळ मी वर लिहिली नाही. 'काठी खिळ्यावर' याच्यापुढे लिहिलंय, 'बाकीचं काठीवर लिहिलंय.' फोटोत दिसणाऱ्या बाजूवर काही नाही, मी भिंगाने पाहिलं. म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असणार. तुम्ही ती उलटून वाचू नका, वन्सं. तशीच कापडात गुंडाळून पाठवा. 'हात घालू नकोस' एवढंच असेल, मला माहीत आहे ना तो माणूस. तरी पाठवा.